उतरतानाची नोंद

बाईंनी पुन्हा मागे वळून पाहिलं. लेक चार पायऱ्या खाली होती, मान खाली घालून एकसारखी चढत होती.

“दमलीस का?”

“नाही.”

“पाणी देऊ?”

“आहे माझ्याकडे.”

“बस हवं तर जरा. घाई नाहीये आपल्याला.”

“आई, चाल ना तू.”

बाई चालू लागल्या. म्हणजे एक वळण चालल्या आणि पुन्हा वळल्या.

“काल जावयांचा फोन आला होता ना?”

“हो.”

“काय म्हणत होते?”

“काही नाही. नेहमीचंच.”

टेकडीच्या माथ्यावर हवामानाची वेधशाळा होती आणि तिथवर जाणारी ही दगडी पायऱ्यांची वाट एका माणसापुरतीच होती. दोघांनी शेजारी-शेजारी चालायचं म्हटलं तर एकजण काटेरी झुडपात जाणार. एरवी वेधशाळेच्या प्रमुख म्हणून बाई जीपनं वर जात. आज मात्र जीप हेलियमचे सिलिंडर घेऊन आधीच गेली होती आणि बाई मुद्दाम मागे राहिल्या होत्या, कारण सकाळी चहाच्या कपात बघत लेक म्हणाली होती, “आज मीही येऊ का तुझ्याबरोबर?” पंधरा दिवसांत तिनं आपणहून मागितलेली ही पहिली गोष्ट. बाईंना इतका आनंद झाला की त्या आनंदाचीही त्यांना काळजीच वाटली.

घरात तिला भिंगरी म्हणत. लहानपणी दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. घास भरवायला सुद्धा तिच्यामागे घरभर फिरावं लागे. आता लग्नाला तीन वर्षं झाल्यावर तीच भिंगरी माहेरी येऊन खिडकीपाशी खुर्ची ओढून तासन् तास बसत होती आणि मांडीवरच्या पुस्तकाचं पान उलटत नव्हतं. सुट्टी शिल्लक होती म्हणून आले, एवढंच तिनं आल्या दिवशी सांगितलं. जेवायला हाक मारली की जेवायची, हसायच्या जागी हसायची, पण काय बिनसलंय म्हणाल तर ताकास तूर लागू देत नव्हती. आणि उद्या सकाळच्या गाडीनं ती परत जाणार होती.

आज कळलं नाही तर कधीच कळणार नाही, असं बाईंच्या मनानं घेतलं होतं. जावई हिला टाकून बोलत असतील का? हात तर उगारत नसतील? की त्यांचं बाहेर कुठे काही? की हिचीच नोकरी गेली? की एखादं दुखणं, ज्याचं नाव ही तोंडातून काढत नाही? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि या कामात बाईंचं मन भलतंच तरबेज होतं. वेधशाळेत त्यांना पाठीमागे ‘काळजीवाहू प्रमुख’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि लोक असं का म्हणतात याचीही त्यांना अधूनमधून काळजी वाटे.

“तू विचारत नाहीस, तू उलटतपासणी घेतेस,” भिंगरीचे बाबा परवाच म्हणाले होते.

“मग तुम्ही विचारा.”

त्यांनी विचारलं. काय गं, बरं आहे ना सगळं? हो बाबा. मग झालं तर. आणि त्यांनी पेपर उघडला. बाईंनी कपाळाला हात लावला.

शेवटच्या पायऱ्या चढताना त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला.

“तुला काही सांगायचं असेल तर सांग हं. मी काही बोलणार नाही.”

“बरं,” भिंगरी म्हणाली.

वेधशाळा म्हणजे तीन खोल्या, मागे एक उंच पत्र्याची शेड आणि गच्चीवर अँटेना. शेडमध्ये फुगेवाला सिलिंडरला नळी जोडत होता. त्याच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला फुगेवालाच म्हणत. नोकरीत त्यानं आकाशात इतके फुगे सोडले होते की नातवाच्या वाढदिवसाला फुगे फुगवायला सांगितलं तर, “सुट्टीच्या दिवशी काम करत नाही मी,” म्हणायचा. आत पडद्यासमोर डॉक्टर बसला होता. हा हवेतला डॉक्टर. गेल्या वर्षी डॉक्टरेट घेऊन आलेला, तिशीच्या आतला, हुशार आणि उतावळा. कुणाला ताप आला तर त्याच्याकडे कुणी जात नसे.

“आज तिसरी वेळ, बाई,” त्यानं हात चोळले. “आजही वर पाणी सापडलं तर मी ऐकणार नाही कुणाचं.”

बाईंनी हातमोजे चढवले आणि टेबलावरची डबी उघडली. पांढऱ्या थर्मोकोलची, वहीपेक्षा थोडी मोठी. आतल्या भांड्यात त्यांनी थंडगार द्रव ओतायला घेतला तशी वाफ टेबलावरून खाली सांडू लागली. भिंगरी दारात उभी राहून बघत होती.

“ही वर जाऊन काय करते?”

बाईंचा हात थबकला. पोरीनं प्रश्न विचारला! त्यांनी स्वतःला बजावलं, शांतपणे सांग, शाळेतल्यासारखं नको.

“हवेत पाणी किती आहे ते बघते. गार बाटली बाहेर काढून ठेवली की तिला घाम येतो ना? तो बाटलीचा नसतो, हवेतला असतो. गार झालेल्या हवेला पाणी धरवत नाही. हिच्यात हा एवढासा आरसा आहे, नखाएवढा. तो इतका गार करायचा की त्याच्यावर हिमाचा पातळसा थर बसेल. तो थर वाढूही द्यायचा नाही आणि उडूही द्यायचा नाही. त्यासाठी आरसा किती गार ठेवावा लागला, त्यावरून हवेतलं पाणी कळतं.”

“आणि वर असतं पाणी?”

“तीच तर गंमत. आपल्याकडची खालची हवा म्हणजे ओलं फडकं. ती वर चढते, चढता चढता गार होते. पाणी ढगांत जातं, पावसात जातं. तरी थोडं उरतंच. मग सोळा-सतरा किलोमीटरवर एक थर लागतो, सगळ्यांत थंड. उणे ऐंशी, कधी त्याच्याही खाली. हवेला त्याच्या पलीकडे जायचं तर त्याच्यातूनच जावं लागतं. तिथं उरलंसुरलं पाणी गोठून बारीक बर्फ होतं, बर्फ खाली पडतो, आणि हवा कोरडीठाक होऊन पुढे जाते. विमानतळावर पाण्याची बाटली टाकल्याशिवाय आत सोडत नाहीत, तसं.”

“दहा लाखांत चार-पाच कण,” डॉक्टर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. “तेवढंच पाणी राहायला हवं तिथून वर. आणि आम्हाला मागच्या दोन्ही वेळा कितीतरी जास्त मिळालंय, ताई. तिथलं पाणी वाढलं तर खाली आपण आणखी तापणार. मोठी गोष्ट आहे.”

भिंगरी वाफेकडे बघत होती.

“म्हणजे सगळं तिथंच ठेवायचं आणि मग पुढे जायचं,” ती हळूच म्हणाली.

“काय ठेवायचं?” बाईंनी झटकन विचारलं.

“काही नाही. हवेचं म्हणत होते.”

शेडमध्ये फुगा भरायला सुरुवात झाली होती. फुगेवाल्याचा मदतनीस रजेवर होता, म्हणून त्यानं भिंगरीलाच बोलावलं. तिला मऊ सुती हातमोजे दिले आणि नवख्या माणसाला नेहमी सांगायचा तेच सांगितलं.

“तान्ह्या बाळासारखं धरायचं, ताई. दाबायचं नाही, नख लागू द्यायचं नाही आणि मान सांभाळायची.”

फुग्याची मान त्यानं स्वतःच्या मुठीत धरली होती. भिंगरीनं दोन्ही तळवे पसरून त्याचं पोट तोललं. फुगा तिच्या हातांवर हळूहळू फुलत गेला, पांढरट, मऊ, आतून थरथरणारा. ती अगदी स्थिर उभी होती. बाईंना वाटलं, वा, किती नेटकं धरलंय, आणि त्या कौतुकानं काही बोलणार इतक्यात भिंगरी म्हणाली, “घ्या तुम्ही. प्लीज, घ्या.”

फुगेवाल्यानं गडबडीनं हात घातला. भिंगरी शेडच्या मागे गेली. बाई डबी टाकून तिच्यामागे धावल्या. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

“काय झालं? चक्कर आली का? मळमळतंय?”

“काही नाही. उकडतंय आत.”

मळमळतंय का, हे बाई नुसतंच विचारून गेल्या होत्या, पण तो शब्द त्यांच्याच कानात घुमला आणि डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. सकाळी नीट खात नाही. गप्प बसून असते. दमल्यासारखी दिसते. अरे देवा, आणि आपण इतके दिवस काय काय अभद्र विचार करत होतो! त्या तिच्या अगदी जवळ गेल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “भिंगरे, काही गोड बातमी तर नाही ना?”

भिंगरीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

“नाही, आई.”

“अगं, लपवतेस कशाला, मला तर उलट...”

“नाही म्हटलं ना.” तिनं एकेक बोट ओढत हातमोजे काढले आणि आईच्या हातात ठेवले. “मी आत जाऊन बसते.”

बाई हातमोजे धरून उभ्याच राहिल्या. पुन्हा सगळं होतं तिथंच आलं होतं, किंबहुना आणखी वाईट झालं होतं. काय चुकलं ते कळत नव्हतं, पण काहीतरी फार चुकलं एवढं मात्र कळत होतं.

दुपार कलता कलता फुगा सोडला. लांब दोरीला खाली डबी लटकत होती, मध्ये पॅराशूट. “जा बाबा, आणि पोचलास की कळव,” फुगेवाला दरवेळसारखं म्हणाला आणि त्यानं हात सोडले. वर करड्या ढगांचा दाट थर होता. फुगा त्यात शिरला आणि दिसेनासा झाला.

आत येऊन सगळे पडद्यासमोर बसले. भिंगरी कोपऱ्यातल्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली होती, घरी बसे तशीच. बाईंचा एक डोळा पडद्यावरच्या पाण्याच्या रेघेवर होता आणि एक तिच्यावर. रेघ घसरत होती. ढग संपला, हवा गार होत गेली आणि पाणी कमी कमी होत गेलं. अगदी थंड थरापाशी रेघ जवळपास तळाला टेकली. डॉक्टर खुर्चीच्या काठावर आला. रेघ थोडा वेळ सरळ राहिली, मग हलकेच उचलली गेली आणि वर चढायला लागली.

“बाई! आलं! सलग तिसऱ्यांदा!” डॉक्टर उभाच राहिला. “थंड थर पाणी अडवत नाहीये. बर्फ निसटून वर जातोय. उद्याच कळवू या सगळीकडे. मी तर माझ्या सरांना कालच फोनवर सांगितलंय.”

“काल? आजचा फुगा सुटायच्या आधीच?”

“म्हणजे, अंदाज दिला.”

बाई पडद्याकडे वाकल्या. आनंद व्हायला हवा होता. अशी गोष्ट आयुष्यात एकदा हाती लागते. पण त्या रेघेचं चढणं त्यांना आवडत नव्हतं. फुगा जितका वर, तितकं पाणी जास्त. खरं पाणी एखाद्या थरात सापडेल, सुटेल, पुन्हा सापडेल. असं चढत्या भाजणीनं वाढणार नाही.

“मागच्या दोन्ही वेळी ढग होता?” त्यांनी विचारलं.

“होता की. असाच.”

“आणि उतरतानाची नोंद कुठेय?”

“उतरतानाची?” डॉक्टर गोंधळला. “ती नाही घेतली. फुगा फुटला की आपण बंद करतो ना.”

आपण, असं तो म्हणाला. तुम्हीच सांगितलंत, असं म्हणाला नाही. इतकी वर्षं डबी जमिनीवर पडेपर्यंत ऐकायची हा बाईंचा शिरस्ता होता. पण भिंगरी आल्यापासून त्यांना घरी पळायची घाई असे. फुटला ना फुगा, आवरा मग, असं दोन्ही वेळा त्याच म्हणाल्या होत्या आणि पर्स उचलून निघाल्या होत्या. घरी जाऊन काय केलं, तर पोरीला विचारलं, काय झालंय तुला? बाईंचे कान गरम झाले.

फुगा फुटला. उंचीचा आकडा थांबला, डळमळला आणि उलटा धावू लागला. डॉक्टरनं सवयीनं बटणाकडे हात नेला.

“राहू दे चालू.”

“आता पडतेच आहे ती, बाई.”

“पडू दे. पडताना काय सांगते ते ऐकू.”

रेघ पडद्यावर खाली सरकली. सरकली आणि तळाला जाऊन बसली. डबी वेगानं खाली येत होती, जिथं मघाशी भरपूर पाणी दिसलं होतं त्याच हवेतून येत होती, आणि ती हवा कोरडीठाक होती. दहा लाखांत चार-पाच. पुन्हा थंड थर आला, रेघ होती तशीच राहिली. डॉक्टर सावकाश खाली बसला.

“काय झालं?” भिंगरीनं विचारलं. ती खिडकीपासून उठून कधी मागे येऊन उभी राहिली होती ते कुणाला कळलं नव्हतं.

“आमची फजिती,” बाई म्हणाल्या. “फुगा ढगातून गेला तेव्हा भिजला. त्याच्या अंगावर बर्फ धरला. वर ऊन लागल्यावर त्या बर्फाची वाफ व्हायला लागली. आणि वर जाताना डबी फुग्याच्या मागून जाते ना, दोरीला लटकून. तिला जी हवा भेटली ती आधी फुग्याला चाटून आलेली. तिनं खोटं नाही सांगितलं, जे भेटलं ते सांगितलं. पण ती ओल वरची नव्हतीच. आमचीच होती, इथून नेलेली.”

“आणि खाली येताना?”

“खाली येताना डबी पुढे असते आणि फाटका फुगा, पॅराशूट, सगळं मागे. मग तिला कोरी हवा मिळते.”

भिंगरी पडद्यावरच्या दोन रेघांकडे बराच वेळ बघत राहिली.

“म्हणजे तिन्ही वेळा आपण आपलाच फुगा मोजला,” डॉक्टर म्हणाला. “आता सरांना काय सांगू?”

“माझ्या फुग्याला नावं ठेवायची नाहीत,” दारातून फुगेवाला म्हणाला. “सरांना सांगा, अंदाज होता.”

कुणी न पाहिलेली चूक बाहेर जायच्या आधी सापडली, म्हणून बाईंचा जीव भांड्यात पडला. पण अर्धाच. उरलेला अर्धा उद्याच्या गाडीला टांगलेला होता.

डबी टेकडीच्या पलीकडे, माळावर पडली होती. उजेड आहे तोवर ती शोधायला डॉक्टर आणि फुगेवाला जीप घेऊन निघाले. “आधी तुम्हाला खाली सोडतो,” फुगेवाला म्हणाला, पण ती वाट उलटीकडची होती. बाईंनी दोघांना पिटाळलं, खोल्यांना कुलूप लावलं आणि दोघी पायऱ्यांकडे वळल्या.

बाईंचा गुडघा चढताना काही म्हणत नसे, उतरताना मात्र प्रत्येक पायरीला तक्रार करी. सवयीनं त्या पुढे झाल्या आणि दुसऱ्याच पायरीवर कळ आली.

“तू हो पुढे,” त्या म्हणाल्या. “मी येते माझी माझी.”

भिंगरी पुढे झाली. आईच्या गुडघ्याचा अंदाज घेत, बेतानं पावलं टाकत उतरू लागली. बाईंना आता तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि वेणीतून सुटलेले केस. खालची घरं, रस्त्यावरचे दिवे, सगळं त्या पाठीपलीकडे होतं. त्यांना खूप विचारायचं होतं. दुपारी मी बोलले त्याचा राग आला का, हे तरी विचारायचंच होतं. पण एकेक पायरी बघून पाय टाकण्यात त्यांचा सगळा श्वास खर्ची पडत होता. दोन वळणं गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण इतका वेळ काहीच विचारलेलं नाही. मघाचं गुडघ्याचं कारण आता उरलं नव्हतं. ही वाट थोडी सपाट होती. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं.

झुडपांत पाखरांचा कलकलाट चालला होता. तोही हळूहळू थांबला.

“आई.”

“हं.”

“मला दिवस गेले होते.”

बाईंचा उचललेला पाय तसाच राहिला. मग खाली टेकला.

“अडीच महिने झाले होते,” भिंगरी समोर बघतच म्हणाली, चालणं न थांबवता. “आणि मग एके दिवशी नव्हते.”

कधी झालं? कुठे होतीस तेव्हा? डॉक्टर काय म्हणाले? सोबत कोण होतं? आम्हाला का नाही कळवलंस? सगळे प्रश्न एकदम बाईंच्या दातांमागे येऊन उभे राहिले. आणि त्या सगळ्यांच्या पुढे घुसून दुपारचा तो एक प्रश्न आला, शेडमागे आवाज खाली आणून, हसऱ्या तोंडानं विचारलेला. जीभ हासडून फेकून द्यावी असं त्यांना वाटलं. फुगेवाल्याचं बोलणं आठवलं, पसरलेले दोन तळवे आठवले.

“तो बिचारा रोज फोनवर विचारतो,” भिंगरी म्हणाली. “सांगितलंस का आईला? मी म्हणते, सांगते उद्या. पंधरा दिवस झाले, रोज उद्या.”

बाईंनी पुढची पायरी चाचपून पाय टेकवला.

“झालं त्याच दिवशी तुला फोन करणार होते. हातात घेतला होता. मग वाटलं, आता आई घाबरेल, रडेल, धावत निघेल, मग मी तिला समजावत बसेन. मग बाबांना समजावेन. आणि माझं रडायचं राहूनच जाईल.” तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. “तसं राहिलंच ते.”

पुढे होऊन तिला छातीशी धरावं म्हणून बाईंचे हात उचलले गेले. पण वाट एका माणसापुरती होती. त्यांनी हात खाली घेतले आणि शेजारच्या झुडपाची फांदी घट्ट धरली, तिचे काटे लागले तरी सोडली नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी येऊ दिलं. आवाज तेवढा येऊ दिला नाही.

भिंगरीची पाठ हलत होती. ती चालायची थांबली होती. बाईही दोन पायऱ्या वर थांबल्या. खालच्या घरांत कुणाची तरी शिट्टी वाजली, कुकरची. बराच वेळ तेवढाच आवाज होता, आणि भिंगरीच्या रडण्याचा.

मग तिनं ओंजळीनं चेहरा पुसला. मागे वळली मात्र नाही.

“आई, आहेस ना मागे?”

“आहे.”

“मग ऐक,” भिंगरी म्हणाली, आणि पायरी उतरता उतरता तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.